मशीनला विचारायची सोय

वीज दिली तरी ती चिप गप्प बसायची. टर्मिनलवर स्पेसबार दाबला की मात्र आपलं नाव सांगायची, त्याखाली 'रेडी' लिहायची आणि बाणासारखी एक खूण टाकून हुकमाची वाट बघत राहायची. 'प्रिंट २+३' टाइप केलं की उत्तर ५. ही इंटेलची ८०५२एएच-बेसिक. इंटेलनं ती १९८०च्या दशकाच्या मध्याला काढली. भोसरीतल्या आमच्यासारख्या पत्र्याच्या शेडपर्यंत पोचायला तिला आणखी काही वर्षं लागली.

स्पेसबारच का? ती युक्ती मला अजून आवडते. सीरिअल तारेवरून एखादं अक्षर जातं तेव्हा आधी सुरुवातीचा एक शून्य बिट जातो, मग अक्षराचे बिट, धाकट्यापासून थोरल्याकडं. स्पेसच्या संकेतातले पहिले पाचही बिट शून्य असतात. म्हणजे तार सलग सहा बिटांइतका वेळ खाली राहते. चिप तेवढा वेळ मोजायची आणि त्यावरून समोरच्याचा बॉड रेट, म्हणजे तारेवरून बिट जायचा वेग, ओळखायची. आपलं टर्मिनल १२००चं की ९६००चं, हे तिला सांगावं लागत नसे. एक कळ दाबली की ओळख पटली.

त्या चिपच्या पोटात आठ किलोबाइटची रॉम होती आणि जॉन कटॉस्की यांनी तेवढ्यात अख्खी बेसिक भाषा बसवली होती. दशांश चिन्हाचे आकडे, साइन, लॉग, टायमर, इंटरप्ट, शिवाय आपण लिहिलेला प्रोग्राम शेजारच्या ईप्रॉमवर, म्हणजे पुसून पुन्हा भरता येणाऱ्या मेमरी-चिपवर, बर्न करायचा 'प्रॉग' हा हुकूमही त्यातच. तुम्ही वाचताय तो हा लेख आजच्या कॉम्प्युटरवर साठवला तर त्याला याच्या चार-पाच पट जागा लागेल. ही बेसिक म्हणजे इंटरप्रिटर. कंपायलर प्रोग्रामचं आधीच यंत्रभाषेत रूपांतर करून देतो आणि बाजूला होतो. इंटरप्रिटर चिपमध्येच मुक्कामाला असतो. ओळ वाचतो आणि तिथल्या तिथं पार पाडतो. म्हणूनच त्याला मधेच थांबवून काहीबाही विचारता येतं.

या विचारण्याची किंमत कळायची तर त्याआधी काय होतं ते सांगायला हवं.

आमचं शिक्षण झालं ते ८०८५च्या किटवर. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग केलेल्या एका अख्ख्या पिढीच्या बोटांना ते किट आठवत असेल: सोळा आकड्यांचा कीपॅड आणि सहा लाल सेव्हन-सेगमेंट, चार पत्त्याचे, दोन डेटाचे. प्रोग्राम वहीत लिहायचा, ऑपकोडचा तक्ता मांडीवर घेऊन हातानं असेंबल करायचा. ३ई म्हणजे ॲक्युम्युलेटरमध्ये आकडा भर, सी३ म्हणजे उडी मार, ७६ म्हणजे थांब. मधली एक सूचना लिहायची राहिली की पुढचे सगळे पत्ते सरकायचे आणि सगळ्या उड्या भलत्याच जागी पडायच्या. म्हणून शहाणी मुलं अधूनमधून ००, म्हणजे काहीच न करणारी सूचना, पेरून ठेवायची. ऐन वेळी एखादी ओळ घुसवायची झाली तर जागा असावी. लाईट गेली की रॅममधलं सगळं पुसलं जायचं, आणि लाईट तर जायचीच.

कारखान्यात आल्यावर किट सुटलं आणि ईप्रॉम हातात आलं. २७१६, २७३२, २७६४. पाठीवर क्वार्ट्झची गोल खिडकी, आत चमकणारा सिलिकॉनचा तुकडा. प्रोग्राम पुसायचा तर अल्ट्राव्हायोलेट दिव्याच्या डब्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, मग बर्नरवर नवा प्रोग्राम भरायचा, खिडकीवर काळी पट्टी चिकटवायची, तिच्यावर पेननं आवृत्तीचा आकडा टाकायचा, सर्किटमध्ये बसवायचं, पाय वाकणार नाहीत असं बघायचं आणि वीज द्यायची. चाललं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येकाकडं चार-पाच ईप्रॉम फिरतीवर असायची: एक सर्किटमध्ये, एक बर्नरवर, बाकीची डब्यातल्या दिव्याखाली. एखादी एलईडी अर्ध्या सेकंदाऐवजी पाव सेकंदानं लुकलुकावी एवढ्या बदलाला अर्धा तास सहज जायचा. मग माणूस बदल करायलाच कचरायचा. चालतंय ना, राहू दे.

त्या दिवसांत टर्मिनलवर 'पोर्ट१=२५५' एवढं टाइप करून समोरचे आठही रिले एकदम खटखट ओढले जाताना पाहणं ही चैन वाटायची. कुठल्या रिलेची वायर सुटली आहे हे शोधायला प्रोग्रामच लागत नसे. चिपलाच विचारायचं.

आठ किलोबाइट आज हास्यास्पद वाटतात, पण तेव्हाच्या हिशेबानं ती बऱ्यापैकी ऐसपैस जागा होती. १९७५ साली बिल गेट्स, पॉल ॲलन आणि माँटे डेव्हिडॉफ यांनी अल्टेअरसाठी लिहिलेली बेसिक चार किलोबाइट मेमरीत चालायची आणि कागदी फितीवरून भरावी लागायची. ती विकत घ्यायची ऐपत किंवा इच्छा नसलेल्या हौशी मंडळींनी पुढच्याच वर्षी 'टायनी बेसिक' लिहायचा सपाटा लावला, 'डॉ. डॉब्ज जर्नल' हे मासिक सुरू झालं तेच मुळी त्यासाठी. ली-चेन वांग यांची पालो आल्टो टायनी बेसिक दोन किलोबाइटच्या घरात बसायची. १९८१च्या सिंक्लेअर झेडएक्स८१ला रॅम मिळाली अवघी एक किलोबाइट, आणि त्यातच तुमचा प्रोग्राम, त्याचे आकडे आणि पडद्यावर जे दिसेल तेही. आपल्याकडं १९८४ साली केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले. ३२ किलोबाइट रॅम, आणि १६ किलोबाइटच्या रॉममध्ये सोफी विल्सन यांनी लिहिलेली बेसिक. हे नाव लक्षात ठेवा, पुढं पुन्हा येणार आहे.

एवढ्याशा जागेत भाषा बसवायची तर काटकसर कुठं कुठं करावी लागते हे पाहण्यासारखं असतं. तुम्ही 'प्रिंट' हा शब्द टाइप केलात तरी मेमरीत त्याची पाच अक्षरं जात नाहीत, त्याच्या नावचा एकच बाइट जातो. 'लिस्ट' म्हटलं की त्या बाइटचा पुन्हा शब्द करून दाखवायचा. 'गोटू ५००' आलं की बहुतेक बेसिक प्रोग्रामच्या पहिल्या ओळीपासून ५०० शोधत निघायच्या, म्हणून वरचेवर लागणारी सबरूटीन प्रोग्रामच्या सुरुवातीला ठेवायची, म्हणजे ती लवकर सापडते. ८०५२च्या बेसिकमध्ये व्हेरिएबलला आठ अक्षरांचं नाव देता यायचं, पण चिप बघायची ती पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर आणि एकूण लांबी. तिन्ही जुळलं की तिच्या लेखी दोन्ही नावं एकच. नावात 'टेबल' चालत नसे, कारण त्यात 'टॅब' हा राखीव शब्द दडलेला. शब्दांची साठवण करायची तर आधी 'स्ट्रिंग' हुकमानं जागा राखून ठेवायची. आणि 'रेम', म्हणजे प्रोग्राममधला शेरा, बाइट खायचा, म्हणून प्रोग्राम पुरा झाला की शेरे काढून टाकायची पद्धत होती. या शेवटच्या सवयीबद्दल मला पुढं बोलायचं आहे.

वेगाचं म्हणाल तर ती चिप अगदीच संथ. ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, बारा ठोक्यांना एक यंत्रचक्र, म्हणजे सेकंदाला सव्वानऊ लाख यंत्रचक्रं. आणि बेसिकची एकेक ओळ पार पडायला काही मिलिसेकंद. यावरून 'असेंब्लीवाले' आम्हाला हसायचे. पण पाण्याचा हौद तापायला वीस मिनिटं लागत असतील तर ओळीला दोन मिलिसेकंद लागले की पाच, हे कुणाला कळणार?

हौदाचं उदाहरण उगाच घेतलेलं नाही. सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यासाठी आम्ही रंगाईच्या हौदाचा कंट्रोलर केला होता. पाणी बेताच्या वेगानं साठ अंशांपर्यंत चढवायचं, तासभर तिथं धरायचं, मग सोडायचं. तापमानासाठी पीटी-१०० सेन्सर, वाफेच्या व्हॉल्व्हला एक रिले, आणि मध्ये ही बेसिकवाली चिप. प्रोग्राम पानभरही नव्हता. पुढं आमची शेड बंद पडली, माणसं पांगली, कागद रद्दीत गेले. बऱ्याच वर्षांनी तिथल्या मेंटेनन्सच्या माणसाची गाठ पडली तेव्हा त्यानं सहज सांगितलं की रंग बदलला म्हणून एक तासाऐवजी पाऊण तास धरायचं होतं, तर त्यानं ते करून घेतलं. कसं? संध्याकाळच्या कॉम्प्युटर क्लासात तो कधीकाळी जीडब्ल्यू-बेसिक शिकला होता. ऑफिसातला जुना पीसी खाली आणला, सीरिअल केबल जोडली, कंट्रोल-सी दाबून प्रोग्राम थांबवला आणि 'लिस्ट' म्हटलं. चिपनं ईप्रॉममधला प्रोग्राम ओळीमागून ओळ पडद्यावर काढला. त्यानं तो कागदावर उतरवून घेतला, साठ मिनिटांची ओळ हुडकली, कोरं ईप्रॉम लावलं, बदललेला प्रोग्राम टाइप करून त्याच बोर्डावर बर्न केला. आम्हाला शोधायची त्याला गरज पडली नाही. शोधलं असतं तरी आमच्याकडं द्यायला काही उरलेलं नव्हतं.

हे ऐकल्यावर मला त्या चिपचा खरा गुण कळला. 'बेसिक सोपी होती' हे खरं असलं तरी दुय्यम. प्रोग्राम मशीनमध्येच, वाचता येईल अशा रूपात राहत होता, हे मोठं. यंत्र बनवणारा मेला, पळाला किंवा धंद्यातून उठला तरी यंत्राचं शहाणपण यंत्रापाशी राहायचं, आणि पुढच्या माणसाला साधी केबल लावून ते मागता यायचं.

मग ती सोय गेली, आणि आम्हीच आनंदानं जाऊ दिली. १९९३च्या सुमाराला ॲटमेलची ८९सी५१ आली. आत चार किलोबाइट फ्लॅश. ती विजेनंच पुसता यायची, त्यामुळं डबा नको, दिवा नको, खिडकीवरची पट्टी नको. बाहेरची रॅम नको, बाहेरचं ईप्रॉम नको. एका बोर्डावरच्या चार आयसींच्या जागी एक. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला ती भाजीसारखी मिळू लागली. बेसिक महाग आणि संथ ठरली, सी भाषा आली. पीसीवर सीमध्ये लिहायचं, कंपाइल करायचं, हेक्स फाइल चिपमध्ये भरायची. चिपमध्ये जे जायचं ते यंत्रालाच कळणारं. तेही कुणी चोरू नये म्हणून वर लॉक बिट मारायचा. मालाला भाव आला, बोर्ड लहान झाले, वेग वाढला. यात खोट काढण्यासारखं काही नाही. फक्त मूळ प्रोग्राम आता कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर राहायला गेला. ती हार्ड डिस्क गेली किंवा तो माणूस बंगळूरला गेला की यंत्रमालकाच्या हाती न बोलणारा काळा चौकोन उरायचा. 'सोर्स कुठंय?' हा प्रश्न मी नव्वदच्या दशकानंतर जितक्यांदा ऐकला, तितका त्याआधी कधी ऐकला नव्हता. तोवर बोर्डालाच विचारता येत होतं ना.

हौशी लोकांच्या टेबलावर मात्र इंटरप्रिटर टिकून राहिला. १९९२ साली कॅलिफोर्नियाच्या पॅरालॅक्सनं बेसिक स्टॅम्प काढला: टपाल तिकिटाहून फार मोठा नसलेला बोर्ड, प्रोग्रामला २५६ बाइटचं ईईप्रॉम, व्हेरिएबलना चौदा बाइट. होय, चौदा. आकाशातही तो टिकला. फोर्थ ही चार्ल्स मूर यांची, अशीच समोरासमोर विचारता येणारी भाषा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती ॲरिझोनातल्या किट पीक इथली रेडिओ दुर्बीण चालवायला वापरली गेली. तिच्याच धाटणीनं बनवलेला आरटीएक्स२०१० हा प्रोसेसर घेऊन 'फिलाय' हे यान १२ नोव्हेंबर २०१४ला एका धूमकेतूवर उतरलं. फोर्थबद्दल मी इथं जास्त लिहीत नाही. तिचे भक्त थोडे आहेत, पण एकदा सुरू झाले की थांबत नाहीत.

२००५ साली इटलीतल्या इव्रेआतून आर्डुइनो आला आणि त्यानं चिप प्रोग्राम करण्यातली भीती घालवली. त्याचे उपकार मोठे आहेत. तरी तिथंही लिही, कंपाइल कर, अपलोड कर, बघ हीच रांग होती. चिपशी बोलणं नव्हतं.

ते परत आलं २०१३नंतर. डेमियन जॉर्ज हे केंब्रिजमध्ये काम करणारे ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञ. पायथॉनसारखी ऐसपैस भाषा छोट्या चिपमध्ये बसवता येईल असं त्यांच्या मनानं घेतलं आणि नोव्हेंबर २०१३मध्ये त्यांनी लोकांकडं पंधरा हजार पौंड मागितले. १,९३१ जणांनी मिळून जवळजवळ अठ्ठ्याण्णव हजार पौंड दिले. त्यातून मायक्रोपायथॉन आणि तिचा पहिला बोर्ड 'पायबोर्ड' झाला. २५६ किलोबाइट जागा आणि १६ किलोबाइट रॅम एवढ्यात ती चालते. त्याच सुमारास शांघायच्या एस्प्रेसिफनं ईएसपी८२६६ ही वायफायवाली स्वस्त चिप आणली. तिच्यावर आधी पोचली ब्राझीलची लुआ. रिओ दि जानेरोच्या विद्यापीठात १९९३ साली जन्मलेली ही भाषा २०१४ साली नोडएमसीयूच्या रूपानं या चिपवर चढली. जावास्क्रिप्टवाल्यांसाठी गॉर्डन विल्यम्स यांची एस्प्रुइनो होतीच. आणि जानेवारी २०२१मध्ये रास्पबेरी पाय पिको आला: किंमत चार डॉलर, दोन कोअर, १३३ मेगाहर्ट्झ, २६४ किलोबाइट रॅम, दोन मेगाबाइट फ्लॅश. आमच्या बेसिकवाल्या बोर्डावर आठ किलोबाइटची ६२६४ रॅम लावली तर श्रीमंती वाटायची. त्याच्या तेहेतीसपट रॅम आता बोटाएवढ्या बोर्डावर.

पिकोमधले ते दोन्ही कोअर आर्मचे आहेत, आणि इथं सोफी विल्सन पुन्हा येतात. बीबीसी बेसिकनंतर त्यांनी आर्मचा सूचनासंच रचला. पहिली आर्म चिप एप्रिल १९८५मध्ये तयार झाली. ती हातात येण्याआधी तिची नक्कल चालवून पाहिली गेली, तीही बीबीसी बेसिकमध्ये. शाळेतल्या मुलांसाठी इंटरप्रिटर लिहिणाऱ्या बाईंनी रचलेल्या सूचनासंचाच्या वंशावर आज मायक्रोपायथॉन चालते. आमच्या वेळचं आणि आत्ताचं यांच्यात भिंत आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे सांगतो.

माझ्या वयाच्या लोकांची एक ठरलेली तक्रार असते: आम्ही एकेक बाइट मोजला, ही पोरं उधळतात. ती मला पटत नाही. बाइट मोजले ते कटॉस्की यांनी, वांग यांनी. आम्ही बेसिक टाइप करणारे त्यांच्या काटकसरीवर आरामात जगत होतो. आणि ती काटकसर आजही तशीच चालू आहे, फक्त ती पाहायला मायक्रोपायथॉनच्या आत डोकवावं लागतं. टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या पायथॉनमध्ये '१' हा आकडा साठवायला २८ बाइट लागतात. असे नऊ आकडे ठेवले की ८०५२ची आतली २५६ बाइट रॅम जवळजवळ भरली. मायक्रोपायथॉनमध्ये लहान आकड्याला वेगळी जागाच लागत नाही. पत्ता ठेवायच्या शब्दातच एका बिटाची खूण करून आकडा कोंबलेला असतो. प्रोग्राममधली नावं एकेकदाच साठवायची आणि पुढं त्यांचे क्रमांक वापरायचे. मेमरी सोळा-सोळा बाइटच्या तुकड्यांत वाटायची आणि कचरा साचला की एकदम झाडून काढायचा. 'प्रिंट'चा एक बाइट करणाऱ्यांच्याच घराण्यातली ही कला आहे.

इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षांना मी कधीमधी एक्स्टर्नल म्हणून जातो. मागं एका मुलीचा मायक्रोपायथॉनवर केलेला प्रोजेक्ट ऐन वेळी बंद पडला. छोट्या डिस्प्लेवर काहीच येईना. आमच्या काळात अशा वेळी घाम फुटायचा, गाइड खिडकीबाहेर बघायचे. तिनं लॅपटॉप जोडला, प्रोग्राम थांबवला आणि बोर्डाला विचारलं: आयटूसीच्या, म्हणजे डिस्प्ले जोडायच्या दोन तारांवर कोण कोण आहे? उत्तर आलं रिकामा कंस. म्हणजे कुणीच नाही. तिनं एक जंपर वायर दाबून बसवली, तोच प्रश्न पुन्हा टाकला. कंसात ६० आलं. ६० हा त्या डिस्प्लेचा पत्ता. 'सर, वायर लूज होती,' म्हणाली आणि पुढं सुरू. मिनिटभरात सगळं. ईप्रॉमच्या जमान्यात एवढ्याला अर्धा दिवस आणि कुणाकडून तरी मागून आणलेला ऑसिलोस्कोप लागला असता.

मग मी तिला विचारलं, या दोन तारांना पुलअप रेझिस्टर कशाला लागतात. माहीत नव्हतं. परीक्षेतल्या माझ्या सहकाऱ्यांनी मान हलवली, 'हल्ली इम्पोर्ट केलं की झालं.' बरोबर हेच वाक्य, 'इम्पोर्ट'च्या जागी 'बेसिक' घालून, मी तरुणपणी ऐकलेलं आहे. तेव्हाही ते बोलणाऱ्याला ८०८५चे सगळे ऑपकोड पाठ होते. पुलअप शिकवता येतो, एका दुपारचं काम आहे. वायर लूज असेल का, हे बोर्डालाच विचारायचं सुचणं मला जास्त मोलाचं वाटतं, आणि मी गुण त्यालाच दिले.

खटकली ती वेगळीच गोष्ट. प्रोजेक्ट कॉलेजच्या ग्रीनहाउसला देणार होते, तिथं तो वर्षानुवर्षं चालायचा होता. प्रोग्राम 'मेन डॉट पीवाय' या नावानं बोर्डावरच होता, उघडून वाचता येत होता. आपल्या 'लिस्ट'हून कितीतरी देखणा. पण त्यात शेऱ्याची एक ओळ नाही. कुठली तार कुठल्या पिनला, पंप किती ओलाव्याला सुरू होतो, तो आकडा कुठून आणला, काही नाही. व्हेरिएबलची नावं ए, बी, एक्स२. आम्ही 'रेम' काढून टाकायचो कारण जागा नव्हती. आज मायक्रोपायथॉन शेरे वगळून पुढं जाते, रॅममध्ये ते जातच नाहीत. फाइलमध्ये दोन-चारशे बाइट वाढतील, तेही दोन मेगाबाइटमधले. तरी मुलं लिहीत नाहीत. आणि धंद्यात उतरलेली मंडळी तर प्रोग्राम बाइटकोड करून फर्मवेअरमध्येच गोठवून टाकतात, म्हणजे पुन्हा तोच नव्वदच्या दशकातला काळा चौकोन.

गोठवण्याची कारणं असतात हे मला मान्य आहे. गोठवलेला प्रोग्राम रॅम वाचवतो. धंद्याचं गुपित असतं. वायफायचा पासवर्ड फाइलमध्ये उघडा पडलेला असतो आणि बोर्ड कुणाच्याही हाती लागू शकतो; आमच्या रंगाईच्या हौदाला ही भीती नव्हती, त्याच्यापर्यंत पोचायचं तर सोलापूरला जाऊन झाकणाचे चार स्क्रू काढावे लागायचे. पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवता येतो. इंटरनेटला जोडलेलं कुलूप किंवा पैशाचं यंत्र असेल तर खुशाल बंद करा. पण शेतातला पंप, दूध संकलन केंद्रावरचा काटा, गोठ्यातला फॉगर, कॉलेजचं ग्रीनहाउस, यांच्यात लपवण्यासारखं असतं तरी काय? आणि ती दुरुस्त करायला पुढच्या दहा वर्षांत कोण येणार आहे? तुम्ही नाही. गावातला कुणीतरी, जो शाळेत किंवा क्लासात थोडं पायथॉन शिकलेला असेल.

म्हणून असे बोर्ड बनवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. चालू असलेला प्रोग्राम बोर्डावर उघडा ठेवा. फाइलच्या वरच्या दहा ओळींत मराठीत लिहा: यंत्र काय करतं, कुठली तार कुठं जाते, कुठला आकडा बदलला तर काय बदलतं. आणि डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा, त्यावर केबल कुठली लावायची आणि प्रोग्राम कसा थांबवायचा ते लिहून ठेवा.